आधी यादी, मग मतदान: दूरची बेटं, तिथली माणसं आणि आपला सीमाभाग

प्रश्न असा आहे: दक्षिण अटलांटिकमधल्या फॉकलंड बेटांवर मत दिलेल्या ९९.८ टक्के लोकांनी ब्रिटनबरोबरच राहायचं असं सांगितलं, तरीही अर्जेंटिना दावा सोडत नाही आणि संयुक्त राष्ट्रं वाटाघाटी करा म्हणतात. मग लोकांच्या मताला किंमत काय? आणि लोकांचं मत हाच निकष मानला, तर उद्या आमच्या तालुक्यातल्या एखाद्या गावाने कर्नाटकात जायचा ठराव केला तर तो का चालू नये? विचारणारी मुलगी अक्कलकोटची आहे, स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करते. मी सोलापुरात वकिली करतो आणि बरीच वर्षं विधी महाविद्यालयात आंतरराष्ट्रीय कायदा शिकवत आलो आहे. या प्रश्नाचे दोन्ही भाग एकाच जागी येऊन अडतात, म्हणून एकत्रच उत्तर देतो.

मताला किंमत आहेच. पण मत मोजण्याआधी ते कोणाचं मोजायचं, हे कुणीतरी ठरवून टाकलेलं असतं. सार्वभौमत्वाच्या बहुतेक भांडणांत खरी झुंज त्या यादीवरच चालते. मतपेटी उघडते तोवर निकाल ठरून गेलेला असतो.

फॉकलंडचंच घ्या. मार्च २०१३ मध्ये तिथे सार्वमत झालं. ब्रिटनचा सागरपार प्रदेश हा आजचा दर्जा कायम ठेवायचा का, एवढाच प्रश्न होता. मतदान ९२ टक्क्यांच्या आसपास झालं. १,५१३ जणांनी हो म्हटलं, तिघांनी नाही. अर्जेंटिनाने ते मोजायलाच नकार दिला. त्यांचं म्हणणं असं की ३ जानेवारी १८३३ रोजी ब्रिटिश युद्धनौकेने येऊन आमची शिबंदी हाकलली, ताबा घेतला आणि मग आपली माणसं आणून वसवली. वसवलेल्या माणसांना ‘जमीन कुणाची’ असं विचारलं तर उत्तर काय येणार हे आधीच ठाऊक आहे. ब्रिटनचं म्हणणं: इथली काही घराणी आठ-नऊ पिढ्या इथेच जन्मली, इथेच गेली. त्यांना वसवलेली म्हणायचं, तर अर्जेंटिनात युरोपातून आलेल्यांना काय म्हणायचं?

दोन्ही बाजू कोर्टात टिकतील अशा आहेत, आणि दोघांनाही आधार एकाच कागदात सापडतो. १४ डिसेंबर १९६० रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ठराव क्रमांक १५१४ मंजूर केला. वसाहतवाद संपवण्याची ती जगाची जाहीर घोषणा होती. त्याच्या दुसऱ्या परिच्छेदात सर्व लोकसमूहांना स्वयंनिर्णयाचा अधिकार दिला आहे. सहाव्या परिच्छेदात म्हटलं आहे की एखाद्या देशाची प्रादेशिक अखंडता मोडण्याचा कोणताही प्रयत्न सनदेशी विसंगत आहे. ब्रिटन दुसरा परिच्छेद वाचून दाखवतं, अर्जेंटिना सहावा. विद्यार्थ्यांना मी हा ठराव मुळातून वाचायला लावतो. पानभराचा आहे, पण या विषयातल्या निम्म्या खटल्यांची नस त्यात सापडते.

पुढे १६ डिसेंबर १९६५ रोजी आमसभेने लागोपाठ दोन ठराव केले. क्रमांक २०६५ फॉकलंडविषयी होता. ब्रिटन आणि अर्जेंटिनाने वाटाघाटी कराव्यात आणि बेटांवरच्या लोकसंख्येचं हित लक्षात घ्यावं, असं त्यात म्हटलं. हित म्हटलं, इच्छा म्हटलं नाही, आणि हा शब्द निष्काळजीपणाने पडलेला नव्हता. हित तिऱ्हाईताला ठरवता येतं, इच्छा ज्याची त्यालाच सांगावी लागते. १९८५ साली ब्रिटनने आमसभेच्या ठरावात स्वयंनिर्णयाचा उल्लेख घालण्यासाठी दुरुस्त्या सुचवल्या, त्या फेटाळल्या गेल्या. तोवर १९८२ चं युद्ध होऊन गेलं होतं. २ एप्रिल ते १४ जून, अर्जेंटिनाचे ६४९ आणि ब्रिटनचे २५५ जवान गेले, बेटावरच्या तीन नागरिकांचाही जीव गेला. तरीही आमसभेने भूमिका बदलली नाही.

त्याच दिवशीचा पुढचा ठराव, क्रमांक २०६६, मॉरिशसविषयी होता. तो फॉकलंडपेक्षा कमी चर्चेत येतो. मला मात्र या विषयात सर्वांत जास्त तोच अस्वस्थ करतो.

मॉरिशसला स्वातंत्र्य द्यायचं ठरत असतानाच, नोव्हेंबर १९६५ मध्ये, ब्रिटनने चागोस द्वीपसमूह त्यापासून तोडला आणि ‘ब्रिटिश हिंदी महासागर प्रदेश’ नावाची नवी वसाहत उभी केली. मॉरिशसला त्याबदल्यात तीस लाख पौंड दिले. अमेरिकेला दिएगो गार्सिया बेटावर तळ हवा होता आणि बेट रिकामं हवं होतं. बेट रिकामं नव्हतं. नारळाच्या बागांत काम करणारी, खोबरं वाळवणारी, क्रिओल बोलणारी माणसं तिथे पिढ्यानपिढ्या राहत होती. त्यांचे पूर्वज गुलाम म्हणून आणि पुढे मजूर म्हणून आले होते, त्यांत आपल्याकडून गेलेलेही होते.

आमसभा मॉरिशसची अखंडता मोडू नका असं बजावत होती, आणि लंडनमध्ये कागदं तयार होत होती. ती कागदं पुढे न्यायालयात उघड झाली. त्यांत अधिकाऱ्यांचा सरळ हिशेब दिसतो: या लोकांना कायमचे रहिवासी मानलं, तर सनदेच्या ७३ व्या कलमाखाली त्यांच्याविषयी उत्तरं द्यावी लागतील. तेव्हा त्यांना कंत्राटी कामगार म्हणा. कायम वस्ती नाही, म्हणजे लोकसमूह नाही. लोकसमूह नाही, म्हणजे स्वयंनिर्णय नाही. मतदारयादी कोरी ठेवायची ही रीत.

प्रत्यक्षात काय घडलं ते बारकाईने पाहा. आधी जहाजांच्या फेऱ्या कमी केल्या, धान्य-औषधं यायची थांबली. कुणी आजारी मूल घेऊन उपचारासाठी मॉरिशसच्या राजधानीत, पोर्ट लुईला, आलं असेल, तर परतीचं तिकीट मागायला गेल्यावर सांगण्यात येई, तुमचं बेट विकलं गेलं आहे, आता परत जाता येणार नाही. एक गाठोडं घेऊन आलेलं कुटुंब दोन हजारांहून जास्त किलोमीटर अंतरावरच्या बंदरात अडकून पडे. मग दिएगो गार्सिया रिकामं केलं. माणसांनी पाळलेली कुत्री त्यांच्या डोळ्यांदेखत धरून मारली. शेवटी १९७३ मध्ये चागोसमधल्याच पेरोस बान्होसवरची माणसं नॉर्डवेअर नावाच्या जहाजात भरून नेली. त्या जहाजावर असलेल्या लिझबी एलिझे यांनी २०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयापुढे चित्रफितीतून जबाब दिला. त्या तेव्हा चार महिन्यांच्या गरोदर होत्या, बाळ जन्मल्यावर वाचलं नाही. लिहिता-वाचता न येणारी वयस्क बाई हेगच्या न्यायासनापुढे आपल्या भाषेत बोलत आहे, तो जबाब मी वर्गात दाखवतो. त्यानंतर वर्गात ‘लोकसमूह’ या संज्ञेची व्याख्या वेगळ्या गांभीर्याने लिहून घेतली जाते.

न्यायालयाने २५ फेब्रुवारी २०१९ रोजी सल्लागारी मत दिलं, तेरा विरुद्ध एक. मॉरिशसची वसाहतमुक्ती कायद्याने पूर्ण झालेलीच नाही आणि ब्रिटनने शक्य तितक्या लवकर चागोसवरचा कारभार संपवावा. १९६५ ला मॉरिशसच्या प्रतिनिधींनी दिलेली संमती न्यायालयाने मुक्त मानली नाही, कारण ज्याच्याकडून स्वातंत्र्य घ्यायचं तोच सत्तेवर असताना दिलेली ती संमती होती. भारताने या प्रकरणात मॉरिशसची बाजू न्यायालयात मांडली आणि त्याच वर्षी मे महिन्यात आमसभेत तसंच मतदान केलं. ठरावाच्या बाजूने ११६, विरोधात सहा.

इथे टाळ्या वाजवून थांबता आलं असतं. पण अधिकार मिळाला तो कुणाला? मॉरिशसच्या जनतेला, म्हणजे १९६५ च्या संपूर्ण वसाहतीच्या जनतेला. ज्यांची घरं गेली त्या चागोसवासीयांच्या पुनर्वसनाचा प्रश्न न्यायालयाने मानवी हक्कांचा म्हणून आमसभेकडे सोपवला. २२ मे २०२५ रोजी ब्रिटन आणि मॉरिशसने करारावर सह्या केल्या: सार्वभौमत्व मॉरिशसचं, दिएगो गार्सियाचा तळ ९९ वर्षांसाठी ब्रिटनच्या ताब्यात, त्यासाठी वर्षाला सरासरी १०.१ कोटी पौंड. इतर बेटांवर पुनर्वसनाची मुभा मॉरिशसला आहे, चागोसवासीयांसाठी चार कोटी पौंडांचा निधी आहे. सही व्हायच्या दिवशी पहाटे दोन चागोसी महिलांनी लंडनच्या उच्च न्यायालयातून तात्पुरती मनाई मिळवली. आमचा विचार घेतला नाही, एवढीच त्यांची तक्रार होती. दुपारपर्यंत मनाई उठली आणि सही झाली.

सगळ्या चागोसवासीयांचं मत एक आहे असंही नाही. काहींना मॉरिशसखाली परत जायचं आहे, काहींना ब्रिटनखाली, काहींना दोघांवरही विश्वास नाही. मॉरिशसचा दावा मला कायद्याने पक्का वाटतो. तरीही ज्यांना जहाजात भरून नेलं त्यांना वाटाघाटीच्या टेबलाशी खुर्ची नसावी, हे मला मान्य होत नाही. वसाहतीची जुनी रेघ पाळायची म्हणून आतल्या माणसांना दुसऱ्यांदा वगळायचं, असं त्या रेघेत कुठेही लिहिलेलं नाही.

ती रेघ मात्र समजून घ्यायला हवी. स्वातंत्र्याच्या वेळी असलेली वसाहतीची सीमा तशीच्या तशी नव्या राष्ट्राची सीमा होते, हा नियम. त्यामुळे स्वयंनिर्णय करतो तो त्या सीमेतला सगळा समाज, त्यातलं एखादं बेट वेगळं नाही. हिंदी महासागरातल्या कोमोरोस या फ्रेंच वसाहतीत डिसेंबर १९७४ च्या मतदानात इतर बेटांनी स्वातंत्र्य मागितलं, मायोतने बहुमताने नाकारलं. फ्रान्सने मतं बेटागणिक मोजली आणि मायोत ठेवून घेतलं. २०११ पासून तो फ्रान्सचा जिल्हा आहे, आमसभा कोमोरोसच्या बाजूने ठराव करत राहिली. मायोतच्या माणसांना विचाराल तर ती फ्रान्सच म्हणतील. इथे बेटावरची आजची माणसं आणि आंतरराष्ट्रीय नियम उलट्या दिशांना उभे आहेत. दोन्ही बाजू पूर्ण समाधानी होतील असं उत्तर माझ्याकडे नाही, मी नियमाच्या बाजूने झुकतो. मतं बेटागणिक मोजायची मुभा सोडून जाणाऱ्या सत्तेला दिली, तर प्रत्येक सत्ता हवं ते बेट खिशात घालून जाईल. चागोसला नेमकं तेच झालं.

पॅसिफिकमधल्या न्यू कॅलेडोनिया या फ्रान्सच्या प्रदेशात तर यादीचाच वणवा पेटला. १९९८ च्या करारानुसार सार्वमताच्या यादीत नव्याने येऊन स्थायिक झालेल्यांना घ्यायचं नाही असं ठरलं, म्हणजे मूळचे कनाक स्वतःच्याच भूमीत अल्पमतात ढकलले जाऊ नयेत. २०१८ मध्ये स्वातंत्र्याच्या विरोधात ५६.७ टक्के मतं पडली, २०२० मध्ये ५३.३. तिसऱ्या वेळी, डिसेंबर २०२१ मध्ये, कनाक पक्षांनी बहिष्कार टाकला आणि विरोध ९६.५ टक्क्यांवर गेला. मोठी टक्केवारी दिसली की आधी मतदानाला कोण आलं नाही ते बघावं. प्रांतिक निवडणुकांच्या यादीत दहा वर्षं राहिलेल्यांना घ्यायचं फ्रान्सच्या संसदेने ठरवलं तेव्हा, मे २०२४ मध्ये, तिथे दंगली उसळल्या आणि आणीबाणी लावावी लागली.

मग फॉकलंडचं काय? माझं मत विचारलंत म्हणून सांगतो. सातबाऱ्यावर मालक एक आणि पिढ्यानपिढ्या जमीन कसणारं कूळ दुसरं, अशी प्रकरणं आमच्या कोर्टांत कमी नाहीत. मूळ मालकीचा वाद कितीही खरा असला तरी कुळाला उठवून तो सोडवता येत नाही. १८३३ ला अर्जेंटिनावर अन्याय झाला असेल, तरी त्याची भरपाई आज बेटांच्या राजधानीत, स्टॅनलीत, मेंढरं पाळणाऱ्या किंवा शाळेत शिकवणाऱ्या माणसाच्या डोक्यावरचा झेंडा त्याला न विचारता बदलून होणार नाही. अर्जेंटिनाच्या १९९४ च्या संविधानदुरुस्तीतही रहिवाशांच्या जीवनपद्धतीचा आदर राखण्याचं वचन आहे. माझ्या मते तेवढ्याने भागत नाही. ब्रिटननेही मान ताठ करण्याचं कारण नाही. फॉकलंडच्या अठराशेच्या आसपास लोकांच्या इच्छेसाठी आरमार धाडणाऱ्या याच सरकारने चागोसच्या दीड-दोन हजार माणसांना एका शब्दाने विचारलं नव्हतं, आणि त्या दोन घटनांमध्ये जेमतेम दहा वर्षांचं अंतर आहे.

सार्वभौमत्व एकाला देऊन माणसांची हमी वेगळी लिहिता येते, हे फार लोकांना ठाऊक नसतं. ओलांड बेटं पाहा. फिनलंड स्वतंत्र झाला तेव्हा स्वीडिश बोलणाऱ्या तिथल्या लोकांनी प्रचंड बहुमताने स्वीडन मागितलं. राष्ट्रसंघाने १९२१ मध्ये बेटं फिनलंडलाच दिली, पण बरोबर स्वायत्तता, शाळेत स्वीडिश भाषा, जमीनखरेदीवर बाहेरच्यांना निर्बंध आणि सैन्याला बंदी, असं सगळं बांधून दिलं. मागितलेलं मिळालं नाही. तरीही शंभर वर्षांनंतर तिथे स्वीडिश शाळा चालू आहेत आणि सैन्य नाही.

आता घरचं. भारताने स्वतः काय केलं ते पाहिल्याशिवाय अक्कलकोटचं उत्तर देता येणार नाही. जुनागढमध्ये फेब्रुवारी १९४८ ला मतदान घेतलं, पाकिस्तानच्या बाजूने ९१ मतं पडली. हैदराबादेत मतदान झालं नाही. सप्टेंबर १९४८ मध्ये सैन्याची मुख्य फळी याच सोलापुरातून नळदुर्गमार्गे आत गेली. निजामाची तक्रार तोवर सुरक्षा परिषदेत पोचली होती. राजाची सही मोठी की प्रजेचा कौल, यात आपण प्रजेची बाजू घेतली आणि ती योग्यच होती. पण कौल प्रत्येक ठिकाणी मतपेटीतून घेतला असं म्हणणं खोटं ठरेल. गोवेकरांना १६ जानेवारी १९६७ रोजी विचारलं ते महाराष्ट्रात विलीन व्हायचं की केंद्रशासित राहायचं, एवढंच. विलीनीकरणाच्या फुलाला १,३८,१७० मतं, केंद्रशासित राहण्याच्या दोन पानांना १,७२,१९१. आपण हरलो आणि निकाल मानला, याचा मला मराठी माणूस म्हणून अभिमान आहे. २०१५ मध्ये बांगलादेशाबरोबर छिटमहालांची, म्हणजे एकमेकांच्या हद्दीत अडकलेल्या तुकड्यांची, अदलाबदल झाली, तिकडचे १११ आणि इकडचे ५१. तिथल्या पन्नास हजारांवर माणसांना जमिनीविषयी विचारलं नाही. ती शंभराव्या घटनादुरुस्तीने ठरली. मात्र नागरिकत्व कोणतं हवं ते प्रत्येकाला विचारलं. बांगलादेशातल्या भारतीय छिटांतून हजाराच्या आत लोकांनी भारत निवडला आणि ते सामानसुमान घेऊन इकडे आले.

अक्कलकोटच्या गावाला आंतरराष्ट्रीय कायद्यातला स्वयंनिर्णय लागू होत नाही. नागरी हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराला १९७९ मध्ये मान्यता देताना भारताने लेखी सांगितलं आहे की हा अधिकार परकीय सत्तेखालच्या लोकांना आहे, स्वतंत्र देशातल्या एखाद्या गटाला नाही. शिवाय इथे देश बदलत नाही, राज्य बदलतं. त्याची चावी संविधानाच्या कलम ३ मध्ये आहे. संसद साध्या कायद्याने राज्याची सीमा बदलू शकते. राष्ट्रपतींनी ते विधेयक संबंधित विधिमंडळाकडे मत मागायला पाठवायचं असतं, पण ते मत संसदेवर बंधनकारक नाही. हे सर्वोच्च न्यायालयाने १९५९ मध्येच सांगितलं, आणि खटला आपल्याच मुंबई राज्याचा होता. गावकऱ्यांना विचारायची तरतूद कुठेच नाही.

पण कायद्यात नसलं म्हणून न्यायातून निघून जात नाही. बेळगावसाठी महाराष्ट्राने सुरुवातीपासून जी चार सूत्रं धरली, खेडं हा घटक, भौगोलिक सलगता, भाषिक बहुमत आणि लोकेच्छा, त्यांत चौथं लोकांच्या इच्छेचंच आहे. महाजन आयोगाने १९६७ मध्ये बेळगाव शहर तिकडेच ठेवलं आणि अक्कलकोट, दक्षिण सोलापूर, जत इकडचा भाग कर्नाटकाला द्यायची शिफारस केली, तेव्हा आपण अहवाल नाकारला. २००४ पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. मला जे वाटतं ते स्पष्ट लिहितो, आमच्याच गावात काहींना आवडणार नाही. बेळगाव, खानापूर, निपाणीच्या माणसाची इच्छा मोजा असं आपण म्हणत असू, तर अक्कलकोटातल्या कन्नड बोलणाऱ्या गावाची इच्छाही त्याच मापाने ऐकावी लागेल. अक्कलकोटात महाजन आयोगाची भीती दाखवायची आणि बेळगावात सूत्राचा आग्रह धरायचा, हे कोणत्याही न्यायासनापुढे टिकत नाही.

ऐकणं म्हणजे लगेच सीमा हलवणं नव्हे. २०२२ च्या अखेरीस जत आणि अक्कलकोटच्या काही गावांनी कर्नाटकात जाण्याची भाषा केली, तेव्हा त्यांच्या तोंडी भाषेपेक्षा पाणी आणि रस्ते जास्त होते. सीमेपलीकडच्या शेतात पाणी दिसतं, इकडे टँकरची वाट बघावी लागते. ज्या माणसाला झेंडा बदलायचा नाही, पाणी हवं आहे, त्याच्या ठरावाला देशद्रोहाचा रंग देणं मला क्रूर वाटतं. बेळगावातल्या मराठी माणसाची मागणी वेगळी आहे. ती भाषेची आणि कागदपत्रांची आहे आणि पाणी देऊन ती मिटणार नाही. दोन्हींना एकच औषध चालणार नाही.

तेव्हा तुमच्या गावात ग्रामसभेला हा विषय येणारच असेल, तर ठराव दोन भागांत करा. राज्य बदलण्याची इच्छा असेल तर ती पहिल्या भागात मांडा. तिचा परिणाम राजकीय आहे, कायदेशीर नाही. दुसऱ्या भागात पाणी कुठून, कोणत्या योजनेतून, किती वर्षं रखडलं, आणि कन्नड माध्यमाच्या शाळेत शिक्षकांच्या किती जागा रिकाम्या, हे आकड्यांनिशी लिहा. कलम ३५०-अ खाली भाषिक अल्पसंख्याक मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावं यासाठी झटणं हे राज्याचं काम आहे, आणि कलम ३५०-ब खाली त्यावर लक्ष ठेवणारा केंद्राचा विशेष अधिकारी आहे. एक प्रत जिल्हाधिकाऱ्यांना द्या, दुसरी त्या अधिकाऱ्याला पाठवा, आणि दोन्हींची पोच सांभाळून ठेवा.